पाचवा विषय

२४ जानेवारी २०२५, सालामांका

पोचले. माद्रिदच्या विमानतळावरून थेट बस मिळाली, अडीच तास लागले. बाहेर करडं माळरान आणि मधूनमधून ओकची खुजी झाडं. घर तीन खोल्यांचं आहे. एका खोलीत थामोरा शहरातली मुलगी, दुसरीत इटलीहून आलेला मुलगा, तिसरीत मी. माझा मुक्काम सहा महिन्यांच्या आतला, म्हणून परदेशी नागरिकांचं कार्ड काढायची कटकट नाही, व्हिसा पुरतो. वर्षभरासाठी आलेल्यांना ती रांग चुकत नाही. व्हिसासाठी महिन्याला ६०० युरोंच्या हिशेबाने पैसे दाखवताना बाबांनी एफडी मोडली होती. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे तास बुडवावासा वाटला की वाचता येईल.

२७ जानेवारी

आज विषयांची यादी उघडली. ‘तिकडे गेलीस की हवं ते शिक,’ असं पुण्यात सगळे म्हणत होते. यादी पाहून पंगतीत एकाच वेळी सहा वाढपी समोर उभे राहावेत तसं झालं. इतिहास, कला, भूगोल, कायदा, मानसशास्त्र, औषधनिर्माण... ताट मात्र एकच. सत्राला ३० क्रेडिट घ्यायची असतात आणि बहुतेक विषय सहा क्रेडिटचे, म्हणजे पाच विषय.

क्रेडिट हा शब्द इथेही आहे आणि आपल्याकडेही, पण माल वेगळा. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे एकूण कष्ट. त्यात वर्गात बसणं, घरी वाचणं, निबंध लिहिणं, परीक्षा, सगळं आलं. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे निदान दीडशे तास. आमच्या कॉलेजात चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास लेक्चर. घरचा अभ्यास ज्याचा त्याने पाहावा. या दोन मापांचा मेळ दोन्हीकडचे कारकून कसा घालणार कोण जाणे.

प्रत्येक विषयाला ‘गीया दोसेन्ते’ नावाचं एक पत्रक असतं. कोण शिकवणार, कोणत्या भाषेत, काय वाचायचं, गुण कसे पडणार, सगळं त्यात. आपल्याकडे सिलॅबस असतो, हा करारनामाच आहे. एका पत्रकात लिहिलं होतं: लेखी परीक्षेला ६० टक्के, आणि तिच्यात दहापैकी किमान चार मिळाले नाहीत तर बाकीचं काहीच धरणार नाही. तीनदा वाचलं.

३० जानेवारी

वेळापत्रकाने निम्मी यादी कापली. ज्या दोन विषयांसाठी मी इथे आले ते दोन्ही मंगळवारी-गुरुवारी एकाच वेळी. शिवाय निम्म्याहून अधिक क्रेडिट आपल्याच फॅकल्टीतली हवीत, असं परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षातल्या बाईंनी सांगितलं.

एक फजिती इथेच लिहून टाकते. ‘इस्तोरिया मोदेर्ना’ म्हणजे आधुनिक इतिहास, त्यात यादवी युद्ध आणि फ्रँको असणार, असं धरून तो विषय मी पुण्यातूनच पक्का केला होता. इथलं ‘मोदेर्ना’ १४९२ च्या आसपास सुरू होतं आणि फ्रेंच राज्यक्रांतीपाशी संपतं. त्यापुढचं सगळं ‘कोन्तेम्पोरानेया’, तो वेगळा विषय, आणि त्याच्या तासाला माझं स्पॅनिश आहे. तर मी फ्रँकोच्या देशात येऊन दुसरा फिलिप शिकणार.

चार ठरले: तो मोदेर्ना, कलेचा इतिहास, स्पॅनिश अमेरिकेचा इतिहास आणि परदेशी मुलांसाठीचं स्पॅनिश. पाचव्यासाठी माझ्या वेळापत्रकात दोन भोकं उरली होती. त्यात बसणारा एकच विषय सापडला, मेडिकलच्या मुलांचा ‘वैद्यकाचा इतिहास’. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. घेतला.

बदल कॉलेजला मेलने कळवला. तासाभरात उत्तर आलं: ‘नोटेड.’

४ फेब्रुवारी

वैद्यकाच्या इतिहासाचा पहिला तास. बाकीची मुलं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, सगळ्यांच्या डोळ्यांत डॉक्टर होण्याची घाई. तास संपल्यावर बाईंना पुस्तकाचं विचारायला गेले आणि पुण्याच्या वर्गात घोकून आणलेलं ‘उस्तेद’ वापरलं, म्हणजे आपलं तुम्ही. त्या हसून म्हणाल्या, मला ‘तू’ म्हण. इथे सगळेच प्राध्यापकांना तू म्हणतात, वर नावाने हाक मारतात. आणि स्पॅनिशमधला हा ‘तू’ उच्चारातही हुबेहूब आपलाच! दुसरा कुठला शब्द असता तर चाललं असतं. केस पिकलेल्या बाईंना तोंडावर तू म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी कर्ताच गाळला: हे पुस्तक ग्रंथालयात मिळेल का? परीक्षा कधी असते? सत्र असंच काढायचं म्हणतेय.

६ फेब्रुवारी

उणे तीन. सव्वाआठला अजून सूर्य नाही. नऊचं लेक्चर कोणी शोधून काढलं?

११ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर अमेरिकन मुलांचा घोळका भेटला. त्यांचा सगळा कार्यक्रम वेगळा: त्यांच्याच विद्यापीठाने आखलेले विषय, बरेचसे इंग्रजीत, वर्गात फक्त तेच, सहलीही त्यातच. त्यांच्यातली एक म्हणाली, तीन आठवडे झाले, अजून एकाही स्पॅनिश विद्यार्थ्याशी बोलले नाही. मला थोडी कीव आली आणि बराच हेवाही वाटला, कारण त्यांना शिकवलेलं सगळं कळत होतं. मला आज मोदेर्नाच्या तासात ‘करांचा बोजा’ एवढं कळलं, तेही सरांनी फळ्यावर लिहिलं म्हणून.

१३ फेब्रुवारी

थामोराच्या मुलीने जेवताना गुणांची पद्धत समजावली. (जेवायला दुपारचे पावणेतीन. लेंतेखास म्हणजे चक्क मसुराची आमटी. मात्र आत सॉसेज. तिने बाजूला काढून दिलं आणि ‘आता शाकाहारी आहे’ म्हणाली.) सगळं दहापैकी. पाचच्या खाली ‘सुस्पेन्सो’, म्हणजे लटकले. पाच ते ६.९ ‘अप्रोबादो’, सात ते ८.९ ‘नोताब्ले’, नऊच्या वर ‘सोब्रेसालियेन्ते’. त्याच्याही वर ‘मात्रिकुला दे ओनोर’, पण ती वर्गातल्या फार तर पाच टक्क्यांना देता येते. परीक्षेला गेलंच नाही तर नापास नव्हे, नुसतं ‘हजर नव्हती’ असं लागतं. हे ऐकून इटलीच्या मुलाला फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

नागपूरची मैत्रीण बार्सेलोनात आहे, तिचा फोन. दोन वर्षं स्पॅनिश शिकून गेली, आणि तिच्या पाचपैकी दोन विषयांचे सर कातालानमधून शिकवतात. पत्रकात शिकवण्याची भाषा लिहिलेली होती, तिने तो रकानाच पाहिला नव्हता. ‘अगं, स्पेनमध्ये स्पॅनिशच असणार ना!’ म्हणून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, नागपूरला कोणी परदेशी मुलगा हिंदी शिकून आला आणि वर्ग मराठीत निघाला तर तू त्याला काय सांगशील? म्हणाली, ‘शीक म्हणेन.’ मग स्वतःच हसली. व्हॅलेन्सियात आणि गालिसियातही हाच प्रश्न येतो, भाषा तिथल्या तिथल्या. सालामांकात ही भानगड नाही, आणि स्पॅनिश शिकायला जगभरची मुलं इथे येतात त्यातलं हे एक कारण असावं.

१८ मार्च

कान उघडले. कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, पण आज दीड तास ऐकलं आणि शेवटी लक्षात आलं की मी मनात भाषांतर करत नव्हते. जे निसटतं ते ‘आपुन्तेस’मध्ये मिळतं. वर्गात एक मुलगी शब्दन् शब्द उतरवून घेते आणि तिच्या वह्यांची झेरॉक्स सगळ्या वर्गात फिरते. हे मात्र अगदी घरच्यासारखं.

कलेच्या सरांनी सांगितलं, राजाने चित्रकार वेलास्केसचे पैसे वर्षानुवर्षं थकवले. पैसे देणं म्हणजे ‘पागार’. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला हे शाळेत वाचलं होतं. समोर कोणीतरी तो क्रियापद म्हणून वापरतोय, तोही थकलेला, याची मजा वेगळी.

२ एप्रिल

वैद्यकाच्या इतिहासात प्रत्येकाला एका विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं आहे, त्याला २५ टक्के. बाईंनी यादी फिरवली. माझ्यापर्यंत येईतो प्लेग, रक्ताभिसरण, भूल सगळं गेलं होतं. बाई म्हणाल्या, तू भारताची ना, मग गार्सिया द ऑर्ता घे.

नाव गोव्याच्या संदर्भात ऐकलं होतं. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. तो इथे शिकला हे मात्र माहीत नव्हतं. पोर्तुगालच्या काश्तेलु द व्हिद गावचा. आईबाप स्पेनमधले ज्यू, १४९२ साली सीमेपलीकडे हाकललेले. मुलगा त्याच स्पेनमध्ये शिकायला परत आला, सालामांकात आणि आल्कालात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा परदेशी विद्यार्थी. १५३४ साली गोव्याला गेला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य झाला आणि मुंबईचं बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यातच त्याचं पुस्तक छापलं गेलं, हिंदुस्थानातल्या औषधींवरचे संवाद.

संवाद दोघांत चालतात. एक ऑर्ता स्वतः. दुसरा रुआनो, हा कल्पित स्पॅनिश वैद्य, नुकताच गोव्यात उतरलेला, ऑर्ताची आणि त्याची ओळख सालामांका-आल्कालाच्या दिवसांतली. रुआनो पुस्तकातले ग्रीक आधार काढतो, ऑर्ता म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिलं ते असं आहे. वेळापत्रकाच्या भोकातून हा माणूस माझ्या वाट्याला आला.

९ एप्रिल

कौंट द फिकाल्युने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेली टिपांसहितची आवृत्ती स्कॅन केलेली मिळाली. पोर्तुगीज, पण स्पॅनिश येत असलं की निम्मंअर्धं लागतं. कासा दे लास कोन्चासमध्ये बसले होते. भिंतीवर शेकडो दगडी शिंपले असलेला तो जुना वाडा आता सार्वजनिक ग्रंथालय आहे.

ऑर्ता एका रोगाचं वर्णन करतो. उलट्या, जुलाब, पायात गोळे, नाडी बुडालेली, माणूस दिवसभरात खलास. आशियातल्या पटकीचं युरोपीय डॉक्टरने केलेलं हे फार जुनं वर्णन, असं बाईंनी सांगितलं होतं. तो म्हणतो, इथले लोक याला morxi... छे, देवनागरीतच लिहू. मी स्पॅनिश सवयीने वाचलं, ‘मोर्क्सी’. काही बोध होईना. वहीत तसंच उतरवलं, पुढे गेले. पानभराने आठवलं की पोर्तुगीजमध्ये तो फुलीसारखा दिसणारा ‘एक्स’ बहुतेकदा ‘श’ असतो. पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवून: मोर्शी.

मोडशी.

अमरावतीकडच्या मोर्शी गावाचा इथे संबंध नाही. ही आजीची मोडशी. लग्नाच्या जेवणानंतर पोट बिघडलं की आजी म्हणायची, ‘मोडशी झालीय पोराला,’ आणि सुंठ-ओवा पुढे करायची. आमच्या घरात अपचनापुरता उरलेला शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी माणसं मारणाऱ्या रोगाचा होता. ऑर्ता पुढे सांगतो, आम्ही पोर्तुगीज तो बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. पुढे फ्रेंचांनी तो आणखी बिघडवून ‘कुत्र्याचं मरण’ केला.

शेजारी बसलेल्या आजोबांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. मी बहुतेक मोठ्याने हसले होते.

२८ एप्रिल

आज लुनेस दे आग्वास, इथल्या विद्यार्थ्यांचा सण. म्हणतात की दुसऱ्या फिलिपच्या काळात लेंटच्या उपासांत वेश्यांना गावाबाहेर, नदीपलीकडे पाठवत, आणि ईस्टरनंतरच्या या सोमवारी विद्यार्थी नावा घेऊन त्यांना आणायला जात. नावा गेल्या, आता नुसतं नदीकाठी बसून ओर्नाथो खायचा. मांस आणि अंडी भरून भाजलेली जाड पोळी ती.

दुपारी साडेबाराला कलेच्या वर्गात पडद्यावर वेलास्केसचं ‘लास मेनिनास’ हे चित्र होतं. १२ वाजून ३३ मिनिटांनी गेलं. आधी वाटलं, फ्यूज उडाला. मग फोनही जाईनात. सरांनी खिडकीची गुंडाळपट्टी वर ओढली आणि चित्र नसताना चित्र शिकवलं: राजकन्या इथे उभी, कुत्रा तिथे, आरशात राजाराणी, आणि चित्रकार कुठे पाहतोय सांगा. मोकळ्या फळ्यासमोर चालत चालत त्यांनी एकेक माणूस जागेवर उभा केला. सत्रातलं सगळ्यात चांगलं लेक्चर हेच.

बाहेर आल्यावर कळलं, जवळजवळ आख्ख्या स्पेनची आणि पोर्तुगालची वीज गेली आहे. कार्डं चालेनात, दुकानदार चिल्लर मोजताहेत. एका बाकावर बॅटरीचा रेडिओ आणि भोवती वीस माणसं. थामोराच्या मुलीने ओर्नाथो कालच आणून ठेवला होता, म्हणून निभावलं. रोमन पुलाखाली तोर्मेसच्या काठी सगळं गाव बसलेलं. फोन बंद, त्यामुळे जो तो बोलत होता. मी कडेचा पाव आणि अंडं खाल्लं.

८ मे

पंधरा मिनिटं बोलले. स्लाइड कमी ठेवल्या, वीज गेल्यापासून भरवसा नाही. रुआनोचं नाव घेतलं तेव्हा मुलं फोनमध्येच होती. शेवटी ऑर्ताचं मरणोत्तर काय झालं ते सांगितलं: १५६८ मध्ये वारला, पुढच्या वर्षी बहिणीला धर्मन्यायालयाने जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून काढून जाळली, गुपचूप ज्यू राहिल्याबद्दल. मग माना वर आल्या.

मोडशीचं सांगितल्यावर बाईंनी थांबवलं. शब्द फळ्यावर लिही म्हणाल्या, तुमच्या लिपीत. मी लिहिला. त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला, ‘ड’ काही केल्या जमेना. विचारलं, हा शब्द अजून जिवंत आहे? म्हटलं, आजी आहे तोवर आहे. आणि बोलण्याच्या भरात पहिल्यांदाच त्यांना तू म्हणून गेले.

४ जून

परीक्षा. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तीन चुकले की एक बरोबर उत्तर वजा. वर दोन छोटे निबंध. गॅलन या ग्रीक वैद्यावरचा पाठ होता. पर्यायांत स्पॅनिशचे बारकावे नडले: ‘वगळता’ हा शब्द एका प्रश्नात दिसलाच नाही. विद्यापीठाच्या दारावरच्या नक्षीत कवटीवर बसलेला बेडूक आपला आपण सापडला तर परीक्षा पास होते म्हणतात. मला तो पहिल्याच आठवड्यात इटलीच्या मुलाने बोट दाखवून दाखवला होता. शत्रू.

१७ जून

निकाल लागला की पेपर पाहण्याचा दिवस असतो, तो विद्यार्थ्याचा हक्क. आज गेले. भाषणाला ८.८, वर्गातल्या कामाला ७.४, लेखीत बरोबर सहा. टक्के लावून बेरीज ६.९. नोताब्लेला एक दशांश कमी. बाईंनी निबंधांतल्या चुका एकेक दाखवल्या, कुठेही अन्याय नव्हता. मी काही मागितलं नाही, त्यांनीही काही दिलं नाही. जाताना म्हणाल्या, ऑर्तावर आणखी लिहिलंस तर पाठव.

२१ जून

कॉलेजातल्या ज्युनिअरचा मेसेज: ‘ताई, सप्टेंबरला जायचंय, कोणते विषय घेऊ?’ रात्री बसून लांबलचक उत्तर लिहिलं, त्याची नक्कल इथे.

नावावर जाऊ नकोस, पत्रक वाच. आधी शिकवण्याची भाषा, मग गुण कसे पडतात ते, मग विषय. वेळापत्रक लागल्याशिवाय कुठलाही विषय पक्का धरू नकोस, दोन जास्तीचे हाताशी ठेव. पाचही विषय इंग्रजीतले किंवा परदेशी मुलांचे घेशील तर गुण बरे पडतील आणि तू पुण्यातच राहशील. निदान एका वर्गात तू एकटीच परकी असायला हवीस, पहिला महिना रडू येईल, येऊ दे. पाचही तसे घेऊ नकोस, मरशील. आणि कॉलेजकडून प्रत्येक विषयाची मान्यता सहीशिक्क्याने, निघण्याआधी आणि बदल केला की पुन्हा. ‘नोटेड’वर जाऊ नकोस.

शेवटचं वाक्य लिहिताना मला माझीच धास्ती वाटली.

१२ ऑगस्ट, पुणे

समकक्षता समितीचा कागद मिळाला. चार विषय मान्य. मोदेर्नाच्या बदल्यात ‘आधुनिक युरोप’, स्पॅनिशला वैकल्पिक भाषा, बाकीचे दोनही कुठे ना कुठे बसवले. वैद्यकाच्या इतिहासाला आपल्या अभ्यासक्रमात समांतर पेपर नाही, आणि बदलाला लेखी मंजुरी घेतलेली नाही. मी मेल दाखवला. खिडकीतले काका म्हणाले, ‘बेटा, नोटेड म्हणजे वाचलं. मंजूर म्हणजे मंजूर.’ त्यांचंही खरंच आहे.

संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. ऑर्ताचं ऐकून म्हणाली, पटकी आणि मोडशी एक कशी असेल, मोडशीने कोणी मरत नाही. मग सुंठ कुठे मिळाली असती तिकडे, विचारलं.

गुणपत्रिकेत पाच ओळी आहेत. पाचवीसमोर लिहिलंय: गुण ६.९, अतिरिक्त विषय, क्रेडिट शून्य.